टिटवीची कॉफी आणि मी

मित्रांनो, माझ्या पोटाला पडलेला हा खोल पोचा बघून बरेच जण विचारतात, "अजून टाकून कसा दिला नाही हा थर्मास?" वय झालंय माझं, हे खरं. झाकणाचा रंग उडाला आहे आणि मूठही थोडी हलते. पण मला टाकून का दिलं नाही, ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. एकात एक बसवलेल्या स्टीलच्या दोन नळकांड्यांमधली हवा काढून घेतली आणि मी तयार झालो. एका तपासनीस बाईंनी माझ्यात उकळतं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बोट बुडवलं. "आई गं!" म्हणून त्यांनी बोट झटकलं, तीच माझी पहिली शाबासकी!

मला विकत घेतलं ते रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका बाईनं. तिची बारा वर्षं रात्रपाळी होती आणि तिच्या सीटशेजारी माझी जागा ठरलेली होती. एखादा रुग्ण दवाखान्यात सुखरूप पोचला, की ती आणि तिच्यासोबतची परिचारिका माझ्यातली कॉफी अर्धी अर्धी घेत. "ताई, तुमचा थर्मास म्हणजे सोनं आहे हो!" परिचारिका म्हणायची आणि माझी छाती फुगायची.

मग तिला दिवसपाळी मिळाली. मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर गेलो आणि रिकाम्या बरण्यांमागे दोन वर्षं धूळ खात पडलो. आपल्याला सगळे विसरले, असं वाटायचं.

मला खाली काढलं ते तिच्या मुलीनं. ती पंधरा वर्षांची. लहानपणापासून तोंडाला विश्रांती नाही, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणत. तिची शाळेची मोठी परीक्षा पाच महिन्यांवर आली होती.

"आई, मला यात कॉफी भरून देशील? वाचताना फार पेंग येते गं."

आईला लेकीचं कौतुक वाटलं. तिनं मला घासूनपुसून लख्ख केलं आणि संध्याकाळी कॉफीनं काठोकाठ भरलं. खरं सांगतो, मलाही आनंदच झाला. पुन्हा कामाला लागलो होतो ना!

आधी टिटवी एक कप प्यायची. महिन्याभरात मी रोज रिकामा होऊ लागलो. ती झोपायला जायची तेव्हा दोन-अडीच वाजलेले असत, आणि सहाला उठून शाळेच्या वाटेसाठी ती मला पुन्हा भरून घ्यायची. हळूहळू तिची बडबड थांबली. भूक मेली. एकच पान ती पाच-पाचदा वाचायची आणि पुस्तक मिटलं की म्हणायची, "काहीच आठवत नाही!" माझं झाकण उघडताना तिची बोटं थरथरत. आठ वर्षांच्या धाकट्या भावानं पेन्सिल मागितली, तरी ती त्याच्या अंगावर धावून जायची. मला हे सगळं जाणवत होतं, पण मी कॉफी गरम ठेवण्यापलीकडे काय करणार?

टिटवी रोज धाकट्याला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून शाळेत नेई. पुढच्या टोपलीत मी असायचो. एका सकाळी वाचनालयाच्या वळणावर सायकल वळलीच नाही. टिटवीचे डोळे मिटले होते, क्षणभरच. सायकल पदपथाला धडकली. मी दगडावर आदळलो, हा पोचा तेव्हाचा. धाकटा हातावर पडला आणि असा ओरडला की आजूबाजूचे दुकानदार धावत आले.

हात मोडला होता. आई कामावरून धावतपळत दवाखान्यात आली. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरबाईंनी टिटवीला जवळ बसवलं.

"काल झोप किती झाली होती?"

"तीन तास. पण मी कॉफी प्यायले होते ना!"

"बाळा, कॉफीनं झोप आलेली कळत नाही, एवढंच. न झालेली झोप काही भरून निघत नाही. संध्याकाळी घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. मग पडलीस तरी झोप कशी लागणार? तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी."

"मीच भरून देत होते हो," आई खालच्या आवाजात म्हणाली. "मी स्वतः बारा वर्षं याच कॉफीवर रात्री काढल्या."

"आणि घरी आल्यावर?"

"पडदे ओढून दुपारपर्यंत झोपायचे."

"मग हिची दुपार कुठे आहे?"

आईनं टिटवीचा हात हातात घेतला. टिटवी त्या महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर रडली.

कॉफी एकदम तोडू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. संध्याकाळची बंद झाली आणि सकाळची थोडी थोडी कमी होत गेली. तरी टिटवीचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. दहा वाजता आई दिवा मालवायची, मोबाइल स्वयंपाकघरात न्यायची आणि ही अंधारात कुरकुरत पडायची, "माझा धडा राहिलाय!" तिसऱ्या आठवड्यात एका सुटीच्या दिवशी ती सलग दहा तास झोपली. उठली ती चार पाव खाऊनच थांबली आणि मग शेजारच्या मांजरापासून भूगोलाच्या सरांपर्यंत तासभर बोलत सुटली. आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. एकदाही तिनं तिला गप्प बस म्हटलं नाही.

धाकटा मात्र सायकलवर बसेना. प्लास्टर निघालं तरी नाही. टिटवी सायकल हातात धरून त्याच्याबरोबर रोज चालत शाळेत जायची. तिनं त्याला एकदाही आग्रह केला नाही. परीक्षेच्या पहिल्या दिवशी तो घराच्या फाटकापाशी थांबला.

"ताई, झोपली होतीस का नीट?"

"साडेनऊ तास."

"खरं?"

"आईला विचार हवं तर."

त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. मग त्यानं दप्तर माझ्या शेजारी टोपलीत टाकलं, मागे चढून बसला आणि दोन्ही हातांनी ताईची कंबर घट्ट धरली.

आता माझ्यात साधं गरम पाणी असतं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. मित्रांनो, मी कॉफी सकाळपर्यंत गरम ठेवू शकतो, पण तुमची झोप मला साठवून ठेवता येत नाही. ती ज्याची त्यानं, ज्या त्या रात्री घ्यायची असते. म्हणून एवढंच मागतो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल, तर संध्याकाळी त्याला धुऊन, पालथा घालून ठेवा. त्यालाही विश्रांती मिळू दे आणि तुम्हालाही.