त्या घरचं माणूस

…रीळ. दोऱ्याचं रिकामं, लाकडी रीळ. रेडिओचं बटण निखळून हरवलं तेव्हा अण्णांनी त्या जागी ते घट्ट बसवलं होतं, आणि ते फिरवताना नीरजाला नेहमी वाटायचं की आपण बातम्या लावत नाही, शिवणाला बसलो आहोत – आत्ताही ते तिच्या चिमटीत होतं, अर्धवट फिरवलेलं, आणि रेडिओतला माणूस शांत इंग्रजीत सांगत होता की अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. उघड्या मोटारीत. भर दुपारी. बायको शेजारी बसलेली असताना… तिनं रीळ सोडलं नाही. सोडलं की हे खरं होईल, असं काहीतरी वेडगळ डोक्यात आलं, आणि दोन पदव्या घेतलेल्या बाईनं असा विचार करावा याचा तिला रागही आला.

मागे खुर्चीत अण्णा होते. नरसिंहराव, निवृत्त हेडमास्तर. कॉफीचा शेवटचा घोट टाकला तर अन्नाचा अपमान होतो असं मानणारे. त्यांनी अर्धा भरलेला पेला खाली ठेवला, उठले, आणि मागच्या दारानं परसात गेले.

संपलं. आता ते नको म्हणणार.

महिनाभर ते काही बोललेच नव्हते. मिनेसोटातल्या एका विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती देऊ केली होती, अमेरिकेचा इतिहास आणि संस्कृती या विषयात पुढचं शिकायला. जानेवारीत निघायचं, सोमवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं. या विषयात इतिहास असतो, कादंबऱ्या असतात, गाणी, चित्रं, गावोगावची चर्च, समाजशास्त्र – सगळं एकत्र. हे आत्याला, ठकुअक्कांना, समजावता समजावता नीरजा रडकुंडीला आली होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मग बिसीबेळे भात म्हण की सरळ, डाळ, भात, भाजी सगळं एका भांड्यात." अक्कांना निदान काहीतरी कळलं होतं. अण्णांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि पंचांग उघडलं. ना होय, ना नाही. बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ मुलींना लहानपणापासून पाठ असतो. तिनं तो 'नाही' असाच लावला होता आणि रोज अंघोळ करताना त्या 'नाही'ला उत्तरं तयार केली होती – अण्णा, तुम्हीच मला शिकवलंत ना… अण्णा, तिथंही माणसंच राहतात…

तिथं माणसंच राहतात! आता म्हण. भर रस्त्यात आपल्या राजाला मारतात, अशा गावी पोर पाठवू? – हे ते म्हणणार, बरोबरच म्हणणार, आणि मग ती…

आणि तेवढ्यात तिच्या आत काहीतरी सैल झालं. हलकं वाटलं. सुटले!

नीरजा हादरली. बातमीनं हादरली होती त्याहून जास्त. तिकडे एक माणूस रक्तात पडलेला, दोन लहान मुलं पोरकी झालेली, आणि मला… मला बरं वाटलं? मला जायचंच नव्हतं की काय? दोन वर्षं मी अमेरिकन लायब्ररीत मान मोडून वाचलं, तो देश आपल्या मेलेल्यांसाठी कसा रडतो यावर प्रबंधाची दोन प्रकरणं लिहिली, लिंकनचा देह घेऊन आगगाडी गावागावांतून जाते आणि शेतकरी रुळांच्या कडेला टोप्या काढून उभे राहतात ते लिहिताना माझे डोळे भरून आले, आणि त्या सगळ्याच्या तळाशी मी वाट बघत होते ती फक्त कुणीतरी मला नको म्हणण्याची? म्हणजे जन्मभर अण्णांच्या नावानं बोटं मोडायला मी मोकळी.

शी.

पुढच्या दाराशी चपला वाजल्या. समोरच्या घरातले खंडोजी आणि त्यांच्या भागुबाई. खंडोजींचं चिकपेटेत कापडाचं दुकान, शनिवारी सकाळी ते कधी कुणाच्या घरी दिसायचे नाहीत. भागुबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. दोघं येऊन चटईवर बसली आणि बसूनच राहिली. खंडोजी जमिनीकडे बघत होते. भागुबाईंनी नीरजाचा हात हातात घेतला.

"आत्ताच आयकलं," त्या म्हणाल्या. "लई वाईट झालं बघ. तरणाताठा माणूस."

समाचाराला, दुखवट्याच्या भेटीला आली होती ही माणसं! चामराजपेटेतल्या या गल्लीत अमेरिकेचं म्हणून एकच घर होतं, ते आमचं. तेव्हा दुःखही इथंच पोचवायचं. नीरजाला हसू फुटणार होतं, ते गळ्याशी आलंही, पण बाहेर पडलं ते रडणं. भागुबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ठकुअक्का स्वयंपाकघराच्या दारात घोटाळल्या – एरवी आल्यागेल्याला कॉफी, पण समाचाराला आलेल्यांना विचारू नये – आणि शेवटी तशाच भिंतीला टेकून बसल्या.

तेव्हा अण्णा आत आले.

धोतर अंगाला चिकटलेलं, उपरणं निथळणारं, पांढऱ्या केसांतून पाणी गळत होतं. नोव्हेंबरच्या गारठ्यात, सकाळची अंघोळ, संध्या सगळं आटोपलेलं असताना, ते विहिरीवर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी ओतून आले होते. लाल जमिनीवर ओली पावलं उमटत गेली.

"हे काय रे?" अक्का ताडकन उठल्या. "कुणाचं स्नान? पोरीच्या नावानं अंघोळ केलीस की काय, नरसिंगा?"

"स्वल्प हळू बोल, अक्का." दात वाजत होते, पण आवाज नेहमीचा, वर्गातला. "मुलगी दिली त्या घरचं माणूस गेलं, तर सुतक नसतं. स्नान असतं. तेवढं केलं."

खंडोजींनी मान हलवली – बरोबर, रीतीप्रमाणे. भागुबाईंनीही. त्यात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. अण्णा धोतर बदलायला आत गेले. थोड्या वेळानं ती दोघंही उठली आणि 'येतो' न म्हणता निघून गेली, समाचाराहून निघतात तशी.

मुलगी दिली.

कधी? नीरजा चटईवर तशीच बसून राहिली. कधी दिली? मला कुणी सांगितलं नाही… आणि मग एकेक आठवू लागलं, एखादं पान मागून वाचावं तसं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा तिला चिकपेटेत घेऊन गेले होते, ज्यांनी तिला कधी रिबीनसुद्धा स्वतः घेतली नव्हती, आणि खंडोजींच्या दुकानात बसून त्यांनी साडी पसंत केली होती, हिरवी, जरीकाठी. दिवाळी तर होऊन गेली, अण्णा? – ती म्हणाली होती. असू दे, सरी, असू दे – 'बरं' म्हणायला अण्णांना कानडीच सुचायचं. त्या संध्याकाळी भागुबाई येऊन ओटी भरून गेल्या. तिला वाटलं, शुक्रवार म्हणून असेल. पंचांग उघडलं ते मुहूर्त बघायला. म्हणजे ते गप्प बसले नव्हते. बोलत होते, महिनाभर, त्यांच्या भाषेत, आणि शोकप्रथांवर दोन प्रकरणं लिहिणाऱ्या मुलीला आपल्याच घरातली पाठवणी ओळखता आली नाही. सगळ्यांनी तिला देऊन टाकलं होतं. रडूनही झालं असेल कदाचित, परसात, तिच्या माघारी.

तिला राग यायला हवा होता. कुणाला विचारून दिलंत? मी काय वस्तू आहे? वाक्यं तयार होती, पण त्यांत जोर नव्हता, कारण ज्या भिंतीला धडका मारायची तयारी केली ती भिंत तिथं नव्हतीच, आणि तोल सावरायला धरावं असं काही हाताला लागत नव्हतं. भीती वाटली. साधी भीती, लहान मुलांना वाटते तसली. अण्णा, नको म्हणा ना. एकदा म्हणा.

दुपारी जेवणाची वेळ झाली. अण्णा कोरडं धोतर नेसून पाटावर येऊन बसले, शिंकले, आणि आज पानात काय आहे ते वाकून बघू लागले. नीरजा रोजच्यासारखी वाढायला उठली. तुपाचं भांडं घ्यायला तिनं हात पुढे केला, तर ठकुअक्कांनी ते हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"तू बस ग," त्या म्हणाल्या, आणि आवाजात इतकी माया की नीरजाला तो आवाज ओळखू येईना. "किती दिवसांची आहेस? बस. मी वाढते."

माहेरवाशिणीशी बोलतात तो आवाज होता तो. अण्णा मान खाली घालून भात कालवत होते.

ती बसली. सोमवारी होय कळवायचं की नाही, ते अजून तिचं तिलाच ठरवायचं होतं. पण 'नाही' असं कळवलं, तरी या घरात परत कसं यायचं, हे मात्र तिला आता कळेना.