पोटाने पुसलेली रेघ

भुकेला सीमा असते, मत्सराला नसते. म्हणून मत्सर जेव्हा भुकेचे रूप घेऊन पाटावर बसतो, तेव्हा कोणत्याही अन्नाने तो तृप्त होत नाही. आणि खाणाऱ्याला मात्र आपण भुकेलेच आहोत असे प्रामाणिकपणे वाटत राहते. दोघा शिंपी बंधूंच्या घरी हेच घडले.

दुकान पुढे, बिऱ्हाड मागे. कापड बेतण्याचे टेबल एकच, आणि वडिलांच्या पश्चात त्यावर थोरल्याचा अधिकार. धाकटा मशीनवर बसे. परंतु अलीकडे बेतण्याचे कामही धाकट्यानेच करावे, असे गिऱ्हाइके म्हणू लागली होती. त्याने बेतलेला कोट घातला की पोक आलेला मनुष्यही ताठ दिसे. थोरल्याला ते दिसत होते. शिंप्याचा डोळा स्वतःशी खोटे बोलू शकत नाही, हेच त्याचे दुःख होते.

मधल्या खोलीत अस्तरांच्या गठ्ठ्यांआड बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे. धाकट्याच्या स्तुतीचा शब्द कानी पडला, की थोरला "जरा दोरा बघतो" म्हणून उठे आणि उभ्याउभ्याच मूठभर बिस्किटे तोंडात कोंबी. त्यांची चवही त्याला कळत नसे. त्यानंतर भरल्या पोटी तो पुन्हा जेवायला बसे. आपल्या विजारींच्या कमरा त्याने एकेक करून स्वतःच उसवून सैल केल्या होत्या, आणि त्या कामात त्याचा हात फार सफाईदार झाला होता.

एके दिवशी वकीलसाहेब काळे लोकरी कापड घेऊन आले. "कोट धाकट्यांच्या हातचा हवा. तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली," थोरला म्हणाला, आणि त्याचे काळीज करपले.

धाकट्याने कापडावर खडूने आखणी केली आणि तो बटणे आणायला गेला. थोरला आधी डब्याकडे गेला. मग, हा कोट आपणच कापून दाखवायचा, अशा निश्चयाने त्याने कात्री उचलली. टेबलावर वाकताना त्याचे पोट कापडावर घासले आणि बगलेजवळची रेघ पुसली गेली. त्याने ती अंदाजाने पुन्हा ओढली आणि कापड कापले. तुकडे जुळवून पाहतो, तो पुढचा भाग चांगला दोन बोटे अरुंद.

त्याचे पाय आपोआप मधल्या खोलीकडे वळले. डब्याशेजारी उंदरांचा एक कोरा सापळा ठेवलेला होता. तो तिथे कोणी ठेवला हे त्याने क्षणात ओळखले. सापळा उचलून त्याने काजे करीत बसलेल्या बायकोपुढे ठेवला.

"बघ तुझ्या लाडक्या दिराचे उद्योग. मला उंदीर ठरवलंय त्यानं."

थोरलीने टाका पुरा केला. "डबा तुम्ही रिकामा करता, हे भाऊजींना ठाऊक आहे?"

"तुला तरी कुठं ठाऊक होतं?"

"मला सगळं ठाऊक आहे. सुटीच्या दिवशी डबा इथंच असतो, पण तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कुणी भाऊजींना चांगलं म्हटलं रे म्हटलं, की तुमचा हात डब्यात. ही काही भूक नव्हे. काय आहे ते तुम्हीच म्हणा, मी कशाला तोंड विटाळू?"

इतक्यात धाकटा आला. त्याने कापडाकडे पाहिले आणि हातातली बटणे हलकेच खाली ठेवली.

"मी कापलं," थोरला म्हणाला. "माझ्या पोटानं रेघ पुसली." आणि खाली पाहत, "मला तुझा हेवा वाटतो. वाटला की मी खातो. डबा मीच संपवतो."

धाकटा सापळ्याकडे पाहत राहिला. "म्हणजे उंदीर नाहीतच? आणि मी दुकानदाराशी हुज्जत घालून त्यातल्या त्यात मोठा सापळा आणला, दादा."

"मोठाच लागला असता," थोरला म्हणाला. थोरलीने तोंडाला पदर लावला.

उरलेल्या तुकड्यातून पुढचा भाग पुन्हा निघाला, पण कोटाची लांबी थोडी कमी करावी लागली. ते का, हे वकीलसाहेबांना थोरल्याने स्वतः सांगितले. त्या दिवसापासून कोट धाकट्याने बेतावेत आणि विजारी आपण, अशी वाटणीही त्यानेच करून टाकली.

थोरलीने डबा हलवला नाही. तिने एवढेच सांगितले, की हवे तेव्हा खा, पण बसून, बशीत घेऊन खा. आणि झाकण उघडण्याआधी हे पोट मागते आहे की आणखी कोणी, हे स्वतःला विचारा. दुपारी दुकानाचे दार लोटून तिघे एकत्र, सावकाश जेवू लागले.

हेवा गेला नाही. "खांदा आज फारच छान बसलाय," असे थोरला कडू काढा घ्यावा तसा म्हणे, आणि वर घोटभर पाणी पिई. कधी तेवढ्याने भागे, कधी डबा उघडे. उघडला, की थोरली बशी पुढे सरकवी. उसवलेल्या कमरा पुढे हळूहळू आत घ्याव्या लागल्या, आणि विजारीच्या कापडावर तो वाकला असता खडूची रेघ जागच्या जागी राहू लागली.

त्याला आपल्या भुकेची ओळख राहो. धाकट्याच्या हाताला यश मिळत राहो. आणि एका ताटाजवळ बसणाऱ्या त्या तिघांना प्रत्येक घासाची चव कळत राहो.