मोठ्या तळ्याकडे न वळलेला डोळा

मित्रांनो, मला उघडून पाहिलंत तर आत एका पत्त्याशिवाय काहीच सापडणार नाही. सी भाषेतल्या एका जुन्या प्रोग्रॅममधला मी पॉइंटर. कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे, तेवढं मी दाखवतो. ती ताजी की शिळी, हे मला कळत नाही.

माझा जन्म मेकाँगच्या मुखाजवळ, कोळंबीच्या तळ्यांकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दिएप नावाची मुलगी कॅन थो शहरात शिकून नुकतीच परतली होती. तिने माझं नाव ठेवलं डोळा, आणि नावाआधी चांदणी काढली: *डोळा. जन्माच्या ओळीतली ही चांदणी म्हणजे ‘हा पॉइंटर आहे’ एवढीच खूण. मग तिने लिहिलं, डोळा = &लहान. तो वळणदार & पत्ता मागून आणतो. अशा रीतीने मला संगणकाच्या स्मृतीतल्या ‘लहान’ नावाच्या खणाचा, म्हणजे लहान तळ्याचा आकडा ठेवायच्या जागेचा, पत्ता मिळाला.

लहान तळ्यात कोळंबीची पिल्लं होती. पाण्यात बुडवलेली कांडी प्राणवायू मोजायची आणि आकडा त्या खणात येऊन बसायचा. प्रोग्रॅम मला विचारायचा, *डोळा? कामाच्या ओळीत चांदणीचा अर्थ वेगळा असतो. डोळा दाखवतो तिथे जा आणि आतल्या वस्तूला हात घाल. आकडा चारच्या खाली गेला की पाणी घुसळणारी चाकं आपोआप फिरू लागायची.

तळ्यांचे मालक म्हणजे दिएपचे साउ काका. ते माझ्यावर फार खूश होते.

“हा डोळा कधी मिटत नाही,” ते म्हणायचे, “तुझ्या काकूसारखा.”

“मी मिटला असता तर तळी केव्हाच गेली असती,” काकू म्हणायच्या.

मागच्या खेपेची सगळी कोळंबी मेली होती. याही खेपेला तसंच झालं, तर तळी दुसऱ्याला देऊन दोघांनी बिन्ह दुओंगच्या चपलांच्या कारखान्यात जायचं, असं ठरलं होतं. तरीही काकांचा माझ्यावर इतका विश्वास, की चाकं हाताने चालवायचा खटका त्यांनी दिएपला काढून टाकायला लावला.

पिल्लं वाढली आणि मोठ्या तळ्यात सोडली. तिकडच्या रिवाजाप्रमाणे लहान तळं उपसलं, तळाला चुना फासला, कांडी धुऊन खिळ्याला टांगली. मोठ्या तळ्याची कांडी वेगळी आणि ‘मोठे’ नावाचा खणही वेगळा. मला फक्त त्या खणाकडे वळवायचं होतं.

दिएपला वाटलं, चांदणी माझ्या नावाचाच भाग आहे. तिने लिहिलं, *डोळा = मोठे. ती ओळ एकदाच चालली. मी दाखवत होतो तिथे, म्हणजे लहानच्याच खणात, मोठ्या तळ्याचा त्या क्षणीचा आकडा लिहिला गेला. सहा. मी काही वळलो नाही. लहान तळ्यात कांडीच नव्हती, त्यामुळे तो सहा बदलणारही कोणी नव्हतं.

दोन दिवस आभाळ दाटलेलं होतं, वारा नव्हता. अशा हवेत पाण्यातला प्राणवायू घटतो. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी कोळंबीच्या खाण्याची ताटली मोठ्या तळ्यातून वर ओढली. चारा जसाच्या तसा होता.

“दिएप, चाकं का गप्प आहेत?”

“आकडा सहा आहे, काकू. प्राणवायू भरपूर आहे.”

“मग या कोळंब्यांना वाचून दाखव तो आकडा. काठाला येऊन तोंडं वर काढलीत सगळ्यांनी.”

काका धावत आले. “खटका कुठाय?”

“तुम्हीच काढायला लावलात.”

“जोडून दे.”

“तारा ओढेपर्यंत अर्ध्या तळ्यातली कोळंबी मरेल, काका.”

दिएप शेडमध्ये शिरली. माझ्या समोर बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. सहा. सकाळीही सहा, कालही सहा.

“पाणी असं एका जागी थांबतं का कधी?” ती स्वतःशीच पुटपुटली.

तिने घाईघाईने चांदणी पुसली. डोळा = मोठे. यंत्राने ओळ नाकारली. त्याला पत्ता हवा होता, ती आकडा देत होती.

“झालं का?” काका दारातून ओरडले.

“थांबा. घाईनेच घोळ केलाय मी.” तिने हात कळफलकावरून उचलले. “खणातलं काही बदलायचं नाही. डोळा वळवायचाय. म्हणजे चांदणी नको. आणि मोठ्याचा आकडा नको, पत्ता हवा.”

तिने & घातला. डोळा = &मोठे.

मी वळलो. त्या खणात दोन होता. इतका खालचा आकडा मी आयुष्यात दाखवला नव्हता.

बाहेर चाकं धडधडत सुरू झाली. दिएप उठलीच नाही. दोन पुष्कळ वेळ दोनच राहिला, मग हळूच पुढे सरकला.

चाकांपासून लांबच्या कोपऱ्यातली कोळंबी वाचली नाही. काकूंनी ती टोपल्यांत भरली. बाकीची संध्याकाळपर्यंत खोल पाण्यात उतरली. तळं राहिलं.

“रागवा ना, काका,” दिएप म्हणाली.

“रागावून काय होणार? पुढच्या वेळी डोळा वळवलास की हाक मार. मी कांडी पाण्यातून वर काढतो, तू आकडा हलतो का बघ.”

“आणि आधी खटका लावा,” टोपली उचलत काकू म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे माझ्या भाईबंदांना कामाला लावेल. तेव्हा प्रत्येक चांदणीपाशी क्षणभर थांबा. आपल्याला खणातली वस्तू बदलायची आहे की बघण्याची दिशा, हे आधी मनाशी ठरवा. आणि मला वळवलंत की मी खरंच वळलो का, ते तपासा. कारण चुकीच्या जागेकडेही मी तितक्याच इमानाने बोट दाखवत राहतो.