उतारावरचे बारीक आवाज

आपण बेटावर राहतो हे अंधेरी-मुलुंडच्या माणसाला सांगावं लागतं. खाड्या पुलाखाली गेल्या, पूल गाड्यांखाली गेले, आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या या जमिनीला साष्टी बेट म्हणतात हे भूगोलाच्या पुस्तकातच राहिलं. पक्षी बघणाऱ्या काही मंडळींनी मात्र आपल्या ग्रुपचं नावच ‘साष्टी बेट’ ठेवलं होतं. उन्हाळाभर ज्याला जे दिसेल, जे ऐकू येईल, ते त्याने ग्रुपवर टाकायचं. कुणी पवईच्या तलावावरचे पाणकावळे टाकायचं, कुणी बोरिवलीचा हळद्या. मग मेच्या अखेरीस एका रविवारी संध्याकाळी विलेपार्ल्याला शर्मिष्ठाच्या गच्चीवर सगळे जमायचे, उन्हाळ्याचा हिशेब व्हायचा, आणि कैरीची डाळ संपली की सभा संपायची.

या ग्रुपमध्ये अण्णांचा शब्द शेवटचा. मुलुंडच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली होती, आणि पक्ष्यांच्या बाबतीतही त्यांचा खाक्या तोच. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांना चालत नसे. खात्री नसेल तर नाव घ्यायचं नाही. म्हणूनच त्या मे महिन्यात त्यांनी ग्रुपवर जे लिहिलं, ते सगळ्यांनी खरंच मानलं.

‘मुलुंडच्या उतारावर यंदाही फुलटोचा नाही. शिंजीर जवळजवळ संपला. चष्मेवाला नाही. गेले काही उन्हाळे मी हे बघतो आहे, आता खात्रीने सांगतो. आपल्या बेटावरून बारीक पक्षी चालले.’

शर्मिष्ठाने लगेच रेवतीला फोन केला. शर्मिष्ठा वकील. तिला बातमी कळली की तिचं काय करायचं तेही त्याच क्षणी कळायचं.

“रेवती, रविवारी अण्णांनाच बोलायला लावायचं. माझी एक ओळखीची आहे पेपरात, अनुपमा. ती येतेय. म्हणाली, बेट मुकं होतंय म्हणून मोठं छापू. झकास ना?”

“झकास काय त्यात? पक्षी गेलेत गं.”

“तसं नाही यार. निदान लोकांना कळेल.”

रेवती पवईच्या एका कंपनीत इमारतींचे आराखडे करायची. आईच्या मृत्यूनंतर घरात बसवेना तेव्हा ती कुणाच्या तरी ओळखीने या ग्रुपमध्ये आली होती. महागडी दुर्बीण घेऊन आलेल्या या बाईला अण्णांनी पहिल्याच दिवशी दुर्बीण पिशवीत ठेवायला लावली होती. “डोळे मीट. पक्षी आधी कानात येतो, मग डोळ्यांत. तू फक्त ऐक.” रेवती तशीच उभी राहिली होती, आणि कित्येक महिन्यांनी तिला आपल्या डोक्यातल्या आवाजाखेरीज दुसरं काही ऐकू आलं होतं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती नाहूरच्या घरून निघून मुलुंडला अण्णांच्या दारात हजर व्हायची. पण गेल्या वर्षी कामाच्या रगाड्यात तिचं येणं सुटलं होतं. सभेच्या आदल्या सकाळी, शनिवारी, ती बऱ्याच दिवसांनी अण्णांबरोबर उतारावर गेली.

डोंगराच्या पायथ्याशी जुना आंबा आहे. त्याच्या फांद्यांवर बांडगुळं माजलेली. फुलटोचा हा पक्षी अंगठ्याएवढा, आणि त्याचं सगळं खाणंपिणं बांडगुळाच्या फळांवर. अण्णा त्या झाडाखाली येऊन थांबले, हात पाठीमागे बांधले आणि हळूच म्हणाले, “बघ. एके काळी इथे उभं राहिलं की डोक्यावर टिकटिक चालू असायची. आता ऐक काय शांतता आहे ती.”

रेवतीने ऐकलं. डोक्यावर टिकटिक चालू होती.

तिला आधी वाटलं, अण्णा गंमत करताहेत. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते. मान किंचित वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले, सगळं लक्ष कानात. वर बांडगुळाच्या झुबक्यात दोन फुलटोचे एकमेकांच्या मागे लागले होते आणि त्यांचा तो काचेवर नख मारल्यासारखा आवाज इतका स्पष्ट होता की रेवतीला त्यांची जागासुद्धा सांगता आली असती.

“अण्णा, त्या वरच्या फांदीवर काहीतरी हललं,” ती म्हणाली.

अण्णांनी दुर्बीण लावली, पण तेवढ्यात पाखरं पलीकडे गेली होती. “वारा असेल,” ते म्हणाले.

पुढे वाटभर ती अण्णांनाच बघत राहिली. दूरचा तांबट टुकटुक करायला लागला, अण्णांनी लगेच बोट दाखवलं. झुडपातून भारद्वाज घुमला, अण्णा हसले. पण करवंदीच्या जाळीवर शिंजीर नुसता किंचाळत होता आणि अण्णा त्याच्यापासून चार हातांवरून त्याच्या नसण्याबद्दल बोलत पुढे गेले. जाड आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होते. बारीक आवाज वाटेतच कुठेतरी गळत होते.

रेवतीने खिशातला फोन काढला आणि चालता चालता आवाज टिपायला लावून ठेवला. का, ते तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं.

घरी परतल्यावर अण्णा आंघोळीला गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात सुहासिनीकाकूंपाशी गेली. काकू पोळ्या लाटत होत्या. रेवतीने शब्द जुळवायला सुरुवात केली, तर काकूंनी लाटणं न थांबवता विचारलं, “कानांचं ना?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“संसार केलाय गं त्यांच्याबरोबर. कुकरची शिट्टी ऐकू येते. वॉशिंग मशीनचं धुणं झालं की ते बारीक पिंपिं करतं, ते ऐकू येत नाही. नातीचं फोनवरचं बोलणं कळत नाही, मग म्हणतात हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, मी पानामागचा पक्षी ऐकतो, मला काय डॉक्टर दाखवतेस?”

“काकू, उद्या पेपरवाली येणार आहे. अण्णा तिला सांगणार, बेटावरचे पक्षी गेले म्हणून. छापून येईल. मग कुणीतरी उतारावर जाईल आणि पहिल्याच झाडाखाली...”

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. “मग आत्ताच सांग. माझं ऐकायचे नाहीत. तुझंही ऐकतील असं नाही म्हणा, पण तू त्यांच्या भाषेत सांगशील.”

रेवतीला पळून जावंसं वाटलं. ज्या माणसाने आपल्याला ऐकायला शिकवलं, त्याला तुम्हाला ऐकू येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? न सांगता गप्प बसलं, तर उद्या भर सभेत त्यांचं हसं होणार. विचार करायलाही सवड नव्हती. अण्णा पंचाने डोकं पुसत बाहेर आले.

तिने फोन टेबलावर ठेवला. आवाजाचं चित्र काढणारं अॅप तिच्याकडे होतं. जाड आवाज खालच्या बाजूला उमटायचे, बारीक आवाज वर. “अण्णा, आज सकाळचं टिपलंय. जरा बघता?”

आलेख म्हटल्यावर अण्णांनी चष्मा लावलाच. तांबटाच्या टुकटुकीचे ठिपके खाली ओळीने उमटत गेले. “हा तांबट. छान आलाय,” ते म्हणाले. मग त्यांचं बोट वर सरकलं. तिथे बारीक बारीक उभ्या रेघा पावसासारख्या पडत होत्या. “आणि हे काय? यंत्राची खरखर?”

“नाही, अण्णा.”

“मग?”

“फुलटोचा आहे. आंब्याखालचा. आपण तिथे उभे होतो तेव्हाचा.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. “पुन्हा लाव.” तिने लावला. त्यांनी फोन उचलून कानाला लावला. एका कानाला, मग दुसऱ्या. “आवाज वाढव.”

“पूर्ण आहे, अण्णा.”

“फोन बिघडलाय तुझा.” त्यांचा सूर चढला. “ही यंत्रं काहीही दाखवतात. प्रयोगशाळेत मी असली शंभर यंत्रं दुरुस्तीला पाठवलीत.” मग दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे वळून ते म्हणाले, “तू ये इकडे. तुला येतं का काही ऐकू?”

काकूंनी आयुष्यात कधी पक्ष्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या या वेडाला त्या ‘सकाळची भटकंती’ म्हणायच्या. त्या जवळ आल्या, पदराला हात पुसले, आणि क्षणभर रेवतीकडे पाहून खाली बघत म्हणाल्या, “हो. येतंय. टिक टिक टिक. काड्यापेटीवर काडी घासावी तसं.”

अण्णा खुर्चीत बसले. रेवतीला वाटलं ते चिडतील, ओरडतील. त्यांनी फोनवरचं चित्र पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि त्या उभ्या रेघा जाताना ते नुसते पाहत राहिले. आवाज ऐकणाऱ्या दोघी बायका आणि मधे तो आवाज बघणारा एक माणूस. मग त्यांनी फोन उलटा ठेवला.

“पोळ्या जळतील,” ते काकूंना म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी गच्ची भरली. अनुपमा वही-पेन घेऊन पुढच्या खुर्चीवर बसली होती. अण्णांचा पत्ता नव्हता. शर्मिष्ठा रेवतीच्या कानाशी कुजबुजली, “तू काय बोललीस त्यांना काल? फोन उचलत नाहीयेत. माझी वाट लागेल हां.” रेवतीने जिन्याकडे पाहिलं. बोरिवलीच्या पोराने हळद्याचे फोटो दाखवले, घाटकोपरच्या बाईंनी दयाळाच्या घरट्याची हकिकत सांगितली, आणि तेवढ्यात जिन्यावर दम खात अण्णा वर आले. मागे काकू. त्या कधीच आल्या नव्हत्या. रेवतीने उठून त्यांना खुर्ची दिली.

अण्णा उभेच राहिले.

“मी ग्रुपवर लिहिलं की बारीक पक्षी चालले. ते चूक आहे. पक्षी तिथेच आहेत. माझे कान गेलेत. रेवतीने काल दाखवलं, आणि आज मी सकाळी पुन्हा जाऊन खात्री करून घेतली. ऐकू आलं नाही म्हणून या वेळी नुसता बघत उभा राहिलो, ऊन चढेपर्यंत. दोन फुलटोचे दिसले. चोच उघडमिट होत होती.” ते थांबले. “आवाज नव्हता.”

ते गच्चीच्या कठड्याला टेकले.

“तेव्हा गेल्या काही उन्हाळ्यांतलं माझ्या ज्या नोंदी आहेत, त्यांतले बारीक आवाजाचे पक्षी धरू नका. मला खात्री नाही.”

अनुपमाने पेन खाली ठेवलं. “म्हणजे पक्षी कमी झालेच नाहीत? मग ही चांगलीच बातमी आहे ना, सर?”

“चांगलीच आहे,” अण्णा म्हणाले. “मला आनंद व्हायला हवा. काल दुपारपासून तोच प्रयत्न करतोय.” काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही, पण बाटली धरलेल्या त्या हातावर क्षणभर हात ठेवला.

मग ते पुन्हा बोलायला लागले, आणि आता त्यांच्या बोलण्यात प्रयोगशाळा परत आली होती. “पण एक सांगतो. नाहूरच्या पूर्वेला मोकळं रान होतं, टॉवर व्हायच्या आधी. तिथे टिटव्या होत्या. टिटवीचा आवाज मला अजून ऐकू येतो, मेलेल्यालाही येईल. तिथे दोन वर्षं टिटवी नाही. ती नाही म्हणजे नाहीच. माझ्या कानातली शांतता कुठली आणि बाहेरची कुठली, हे आता वेगळं काढायला हवं. माझ्या एकट्याच्याने ते होणार नाही.”

अनुपमाने बातमी केली की नाही, ते पुढे कुणी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी कैरीची डाळ संपली तरी सभा संपली नाही. कुणी कुठे जाऊन अण्णांच्या नोंदी पडताळायच्या हे वाटून झालं. शर्मिष्ठाने स्वतःहून नाहूर मागून घेतलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथून तिने आपल्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला: “अण्णा, टिटवी नाही. तीन वेळा गेले. चंडोलपण नाही. सॉरी यार.” वडीलधाऱ्या माणसाला आपण यार म्हणालो हे नंतर तिच्या लक्षात आलं. अण्णांना ते आवडलं होतं.

कानाचं यंत्र आलं. अण्णांनी ते लावून पाहिलं आणि जाहीर केलं की शिंजीर पत्र्याच्या डब्यातून ओरडतो आणि रिक्षा मात्र थेट मेंदूतून जाते. डॉक्टरांनी सवय होईल म्हणून सांगितलं. थोडी झाली. सगळं काही परत आलं नाही. एकदा आंब्याखाली त्यांनी रेवतीला विचारलं, “आहे का?” ती म्हणाली, “आहे.” त्यांनी मान हलवली आणि ते पुढे चालू लागले. रेवतीला मागे राहून डोळे पुसावे लागले.

खरी गंमत काकूंची झाली. सभेनंतरच्या आठवड्यात त्या पायात बूट घालून दारात उभ्या होत्या. “बघू तरी, इतकी वर्षं कुठे उलथत होता ते,” एवढंच म्हणाल्या. त्यांना एका पक्ष्याचं नाव येत नव्हतं आणि शिकायचीही इच्छा नव्हती. पण कान असे की पानाची सळसळ सुटत नसे. अण्णा विचारायचे, कसा आवाज आहे? काकू सांगायच्या: फोडणीत मोहरी तडतडावी तसा, ओल्या बोटाने काच पुसावी तसा, शेजारच्या चंपाबाईंच्या हसण्यासारखा. अण्णा त्यावरून नाव शोधायचे. कधी बरोबर यायचं, कधी भांडण व्हायचं.

परवा उतारावर चढताना त्या मधेच थांबल्या आणि बोट वर केलं. “तिकडे. कुणीतरी दोनदा शीळ घातली. पहिली वर जाते, दुसरी खाली येते. पण माणूस नाही.”

रेवती थांबली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती नाहूरच्या टॉवरचा आणि तिथून गेलेल्या टिटव्यांचा विचार करत चालली होती.

“पुन्हा घातली,” काकू म्हणाल्या. “अहो, तिकडे नाही, इकडे. किती वेळा सांगायचं?”

अण्णांनी दुर्बीण उचलली आणि बायकोच्या बोटाच्या दिशेने, करवंदीच्या काळोख्या जाळीत, ती हळूहळू फिरवायला लागले.