मृत्युपत्रातली ती ओळ

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी उभा जन्म गिऱ्हाइकांना दटावलं, "नंबर वेळच्या वेळी तपासून घ्या." स्वतःचं मृत्युपत्र मात्र त्यांनी एकदा केलं ते केलंच.

केलं तेही रागाच्या भरात. धाकटा मुलगा कडाकडा भांडून घर सोडून गेला, तेव्हा बाईंनी घर, दुकान सगळं थोरल्याच्या नावे लिहिलं. पुढे थोरला परदेशी स्थायिक झाला आणि धाकटा परत आला. दुकान त्यानं सांभाळलं, आईचं दुखणंखुपणंही काढलं. वकीलबाई अधूनमधून फोन करायच्या, "आता त्यात बदल करायला हवा." बाई उडवून लावायच्या, "मी काय उद्याच निघालेय?" आपणच सांगितलेलं पुन्हा ऐकायची छाती होत नव्हती, हे खरं कारण.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि अखेर त्यांनी मनावर घेतलं. धाकट्याला "कराचे कागद आहेत" अशी थाप मारून त्याच्याच गाडीतून वकीलबाईंकडे गेल्या. तो खाली थांबला.

डोळ्यावर पट्टी, म्हणून वकीलबाई जुना कागद वाचून दाखवत होत्या. वाचता वाचता एकदम गप्प झाल्या.

"का थांबलात? संकोच कसला? मला तोंडपाठ आहे ते." बाईंनी म्हणूनच टाकलं, "धाकट्याला फुटकी कवडी मिळू नये. तो मला मेला."

"आई," पट्टीच्या बाजूनं आवाज आला, "तुझी पर्स गाडीत राहिली होती."

पर्स टेबलावर ठेवली गेली. मग जिना उतरणारी पावलं ऐकू आली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज राहू दे का?" वकीलबाईंनी हळूच विचारलं.

"नको. इतकी वर्षं राहूच दिलं ना." दुकान धाकट्याला, घर दोघांना, एवढं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. शेजारच्या ऑफिसातून साक्षीदार बोलावले, सह्या झाल्या.

गाडीत बसल्यावर बाईच आधी बोलल्या.

"रागात लिहिलं होतं रे."

"राग कधी गेला?"

"तू परत आलास त्याच दिवशी."

"मग?"

"आज करू, उद्या करू... आणि लाज वाटायची."

"म्हणजे मी तुला भरवत होतो, तेव्हाही कागदावर मेलेलाच होतो."

"आता दुकान तुझ्या नावावर..."

"दुकानाचं कोण बोलतंय, आई?"

घरी त्यानं दंडाला धरून जिना चढवला, डोळ्यात औषध घातलं आणि न जेवता निघून गेला. थांब म्हणायला बाईंची जीभ रेटली नाही.

संध्याकाळी त्यांनी थोरल्याला फोन केला. वाटणी सांगितली, तर तो म्हणाला, "बरं केलंस." एवढ्यावर सुटता आलं असतं. पण त्यांनी ती ओळही सांगितली, शब्द न् शब्द.

थोरल्यानं विचारलं, "असं तू लिहिलं होतंस? त्याच्याबद्दल?"

"मीच," बाई म्हणाल्या. "आणि तसंच ठेवलं होतं."