शिडीला बाजू कळत नाही

पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांचे रॅक कोसळले आणि गोदाम सांभाळणारे माझे बाबा आत अडकले. आई मला शाळेतून घेऊन थेट तिथेच पोचली, ती आपलं यंत्र घेऊनच. कारखान्यांतली हवेची गळती शोधणं हे तिचं काम. चार माइक बसवलेली तळहाताएवढी पट्टी, आणि पडद्यावर एक बाण. पाइप जिथे फुटलाय तिकडे बाण वळतो. झकास यंत्र!

मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ढिगारे होते. आतून आवाज येत होता. धप्प. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा धप्प.

"टेकू एकाच बाजूला पुरतील," अग्निशमन दलाचे साहेब म्हणाले. "उपसायला लागलो की दुसरी बाजू खाली येणार. ताई, डावी की उजवी, पटकन सांगा."

बाण नुसता हेलकावे खात होता.

"तुमचा बाण पाळण्यात बसलाय वाटतं," साहेब करवादले.

"गळतीची शिट्टी बारीक असते हो," आई पट्टी इकडून तिकडे फिरवत म्हणाली. "हा आवाज जाडा. याची एक लाट माणसापेक्षा लांब, आणि माझी पट्टी एवढीशी. चारही माइकना तो जवळपास एकदमच ऐकू येतो. आधी कुठे पोचला, ते कळणार कसं?"

"मग पट्टी मोठी कर ना!" मी ओरडले. (घरी मला उगाच भोंगा म्हणत नाहीत.) "ती बघ शिडी!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच उंच झाले. आम्ही शिडी वाटेच्या लांबीने जमिनीवर ठेवली, माइक सुटे करून तिच्या लांबीभर चिकटवले, तारा जोडल्या. माइकमधलं नवं अंतर आईने यंत्रात भरलं.

धप्प. बाण ताठ उभा! डावीकडे, एका निळ्या गठ्ठ्यावर.

"टेकू डावीकडे!" साहेब ओरडले आणि त्यांची माणसं धावली. मी उड्याच मारणार होते, पण पडद्याकडे बघून पाय थबकले. बाणाला फिरायला अर्धंच वर्तुळ होतं.

"आई, हा मागे कधी वळतच नाही?"

"मागे कशाला वळेल? मागे तर नेहमी भिंत..." आई बोलता बोलता पांढरीफटक पडली.

कारखान्यात ती पट्टी कायम भिंतीला टांगते, म्हणून मागची बाजू तिने यंत्रातून काढूनच टाकली होती. इथे मागे भिंत नव्हती, उजवा ढिगारा होता. एका रेषेतल्या माइकना डावीकडचा आवाज आणि तितकाच उजवीकडचा आवाज अगदी सारखा.

"थांबा!" आम्ही दोघी एकदमच किंचाळलो.

"आता काय?" साहेब भडकले.

"शिडी तिरकी करा," आई म्हणाली. "ते खरंच डावीकडे असतील, तर बाण पुन्हा निळ्या गठ्ठ्यावरच येईल. नसतील तर सरकेल."

शिडी तिरकी झाली. आवाज येईना.

"अहो..." आईने ढिगाऱ्यांकडे बघत बाबांना हाक मारली.

मी छातीत हवा भरली. "बाबाऽऽ! भोंगा आलाय! एकदाच ठोका, एकदाच!"

काहीच नाही. आणि मग, अगदी हळू, धप्प.

बाण निळा गठ्ठा सोडून पार दाराकडे गेला.

"उजवीकडे," आई म्हणाली. "उजवीकडेच आहेत."

साहेबांनी लगेच माणसांना हात केला. टेकू उचलून उजवीकडे लागले, गठ्ठे हातोहात बाहेर येऊ लागले. आधी बूट दिसला, मग धुळीने माखलेले बाबा. त्यांना वाटेतून ओढत दारापर्यंत आणलं, तेवढ्यात डावा ढिगारा धाडकन आमच्या शिडीवर बसला.

बाबा खोकत खोकत म्हणाले, "किती वेळ ठोकतोय! बहिऱ्या झालात काय दोघी?"

"जरा बारीक आवाजात ठोकायला काय झालं होतं तुम्हाला?" आई म्हणाली, आणि त्यांची कॉलर घट्ट धरून मोठमोठ्याने रडायला लागली.