फुटपाथावरची सरळ रेघ

"रेघ तुमचीच ना, मामा?" साहेबांनी फोटो टेबलावरून पुढे सरकवला.

दोरीमामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. खरं तर त्याची गरज नव्हती. फोटोतल्या फुटपाथावर लांबलचक पांढरी चौकट होती, आत मोटारसायकलचं चित्र होतं आणि त्या मोटारसायकलला एकच आरसा होता. चित्राचा पत्र्याचा साचा मामांनीच कापला होता. दुसरा आरसा कापायचा राहून गेला, आणि तेव्हापासून शहरातल्या रस्त्यांवर रंगवलेली प्रत्येक गाडी एका आरशावर चालली होती. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मामांनीही आपण होऊन कोणाला सांगितलं नव्हतं.

"माझीच," मामा म्हणाले.

रस्ते खात्यात रंगारी म्हणून त्यांची चौतीस वर्षं झाली होती. खडू फासलेली दोरी दोन खिळ्यांना ताणून बांधायची, टिचकी मारून खूण उमटवायची आणि खुणेवर रंग ओढायचा. यंत्रं आली तरी त्यांनी दोरी सोडली नाही, म्हणून ते दोरीमामा. निवृत्तीला बारा दिवस उरले होते. निरोप समारंभात साहेब जे भाषण वाचणार होते ते हेडक्लार्कनं त्यांना आधीच गुपचूप दाखवलं होतं. त्यात 'यांची एकही रेघ वाकडी गेली नाही' असं एक वाक्य होतं. ते मामांनी घरी जाऊन बायकोला दोनदा ऐकवलं होतं.

तक्रार शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची होती. त्या काखेत कुबडी घेऊन चालत. घर आणि दुकान यांच्यामधला फुटपाथ मोटारसायकलींनी गच्च भरलेला, म्हणून त्या खाली उतरून रस्त्यावरून जात. महिन्यापूर्वी एका टेंपोचा धक्का लागून त्या पडल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. त्यांनी हवालदाराला गाठलं. तो म्हणाला, फुटपाथावर गाडी लावणं बेकायदाच, पण इथे खात्यानंच चौकट मारून दिलीय, मग मी दंड कुठल्या तोंडानं करू? त्यावर बाईंनी खात्याकडे दोन ओळींचा अर्ज टाकला. या चौकटीच्या मंजुरीचा कागद दाखवा, एवढंच त्यात होतं.

"आठ दिवस कपाटं उपसतोय," साहेब म्हणाले. "कागद काही मिळेना."

"मिळायचा नाही, साहेब. कागद रस्त्याच्या कडेचा होता."

आणि मामांनी सगळं सांगून टाकलं. अकरा वर्षांपूर्वी काम निघालं होतं ते फुटपाथालगतच्या रस्त्यावर, चाळीस मीटर. मामा पोचले तर पाण्याच्या नळासाठी तो रस्ता उकरून ठेवलेला. रंगाचा डबा तर फोडून झालेला, आणि फोडलेला रंग वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी दोरी उचलली आणि वर फुटपाथावर ताणली. रस्ता बुजला की येऊन नीट करू, असं स्वतःला बजावलं आणि पुढच्या कामाला लागले. दोन वर्षांनी 'जुन्या रेघांना नवा रंग' अशी यादी आली. त्या कामाची रीतच अशी की जिथे जुनी दिसेल तिथेच नवी ओढायची, कोणी काही विचारत नाही. मामांनीही स्वतःला विचारलं नाही. पुढेही दर दोन-तीन वर्षांनी तेच झालं, आणि अशी ती चूक पहिली धरून पाच वेळा रंगवून झाली.

साहेबांनी उठून दार लोटलं.

"हे मी ऐकलं नाही असं समजा. त्या वेळचे मोठे साहेब आता हयात नाहीत. 'त्यांच्या तोंडी आदेशावरून चौकट मारली' एवढंच लिहून द्या. त्याच्या आधारावर मी आता मंजुरी घेतो. गाडीवाले खूश, दुकानदार खूश, तुम्ही मानानं घरी."

"फुटपाथावर मंजुरी देता येते?"

"देता येत नाही, पण देतात. एकदा फाइल झाली की कोण बघतंय?"

"आणि बाई?"

"त्यांनी कागद मागितलाय, आपण कागद देऊ. मामा, दुसरं काही लिहिलंत तर चौकशी लागेल. जाता जाता कशाला डाग लावून घेता?"

संध्याकाळी बायको भांडी पुसत होती. मामांनी तिला सगळी हकीकत सांगितली. तिनं एकच विचारलं, "मोठे साहेब म्हणजे तेच ना? तुम्ही शिडीवरून पडलात तेव्हा आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, ते?"

"तेच."

"मग मला काय विचारताय? जेवायला बसा."

"भाषणातलं ते वाक्य जाईल."

"मी ऐकलंय की दोनदा. मला पुरतं तेवढं."

सकाळी मामा ऑफिसला जायच्या आधी त्या रस्त्यावर गेले. बाई घराकडून येताना दिसल्या. मोटारसायकलींची रांग सुरू होते तिथे त्या थांबल्या, मागे वळून रहदारी पाहिली, कुबडी आधी खाली टेकवली आणि मग स्वतः उतरल्या. मागून एकानं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं. मामा थोडं अंतर ठेवून चालत राहिले. आपल्याच चौकटीच्या कडेनं चालताना त्यांना मान वर करवेना.

दुकानात बाई मशीनपुढे बसल्या. प्लास्टरमधल्या हातानं कापड दाबून धरत त्या उजव्या हातानं ते पुढे सारत होत्या. मामा दारातच उभे राहिले.

"बाई, ती फुटपाथावरची चौकट मी मारली. तिला मंजुरी नव्हती. चुकून मारली."

मशीन थांबलं.

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

बाईंनी सुईखालचा धागा तोडला. मग म्हणाल्या, "मी सारखी म्हणायची, इतकी सरळ रेघ आहे म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसानं नीट विचार करून मारली असणार. मग मीच चुकीच्या जागी चालत असेन. लोक हॉर्न वाजवायचे ना, तर मी त्यांना सॉरी म्हणायची."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षं ज्या सरळपणाची फुशारकी मारली, त्यावर या बाईंनी विश्वास ठेवला होता. माफी मागायला म्हणून ते आले होते, ती राहूनच गेली.

"आता लिहून देणार का तसं?" बाईंनी विचारलं.

"आजच देतो."

त्यांनी दिलं. 'मंजुरी नव्हती. कोणाचा आदेश नव्हता. चूक माझी.' साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मामांकडे न बघता फाइलला लावला. चौकशी लागली. समारंभ पुढे ढकलला असं हेडक्लार्कनं सांगितलं, पण कधीपर्यंत ते त्यालाही माहीत नव्हतं. चौकट काढून टाकण्याचा हुकूम मात्र दहाव्या दिवशी हातात पडला. खात्यानं दोन तरुण रंगारी नेमले होते. मामा म्हणाले, मी जातो.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला ते ग्राइंडर घेऊन गुडघ्यावर बसले. आदल्या दिवशी 'गाड्या लावू नका' अशा पाट्या लावल्या होत्या, तरी तीनचार गाड्या आल्याच होत्या. पांढरी भुकटी उडत होती. रंगाचे पाच थर निघायला वेळ लागत होता.

एक माणूस मोटारसायकल फुटपाथावर चढवून त्यांच्या शेजारी थांबला.

"काका, जरा सरका. मला गाडी लावायचीय."

"इथे लावता येत नाही."

"असं कसं? मी कितीतरी वर्षं लावतोय. इथे परवानगी आहे."

"नव्हती कधी."

"कोण म्हणतं?"

मामांनी ग्राइंडर बंद केलं. तोंडावरची भुकटी बाहीनं पुसली.

"ज्यानं रेघ मारली, तो म्हणतोय."

माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, खालच्या अर्धवट पुसलेल्या रेघेकडे पाहिलं. मग गाडी मागे ढकलत रस्त्यावर उतरवली. मामांनी घड्याळ बघितलं. पाच वाजता त्यांची नोकरी संपत होती, आणि सदतीस मीटर अजून बाकी होते. त्यांनी गुडघे थोडे पुढे सरकवले आणि ग्राइंडर पुन्हा सुरू केलं.